एकदाच निवडलेली जागा : खडपावरच्या बार्नेकलाचे जीवन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षातील एक व्याख्यान विज्ञानासाठी राखून ठेवले आणि त्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल प्रारंभीच आपले आभार मानतो. विषयाची निवड चालकांनी माझ्यावरच सोपविली होती. मी ‘बार्नेकल’ असे कळविले, तेव्हा हे नेमके कशाचे नाव, अशी पृच्छा झाली आणि ती रास्तच होती. मुंबईचा समुद्र येथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता तिसरी पिढी यमुनाकाठी वाढते आहे. अशा ठिकाणी समुद्रातील खडकाला चिकटून राहणाऱ्या एका क्षुद्र प्राण्याची कथा ऐकविण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात नवल नाही.

प्रयोजन सांगतो. आज आपण ज्या मार्गावर जमलो आहोत त्याला कोपर्निकसाचे नाव आहे. सर्वांना स्थिर वाटणारी पृथ्वी प्रत्यक्षात फिरत असते, हे त्याने १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. मी ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे त्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. हा जीव जन्मतो तेव्हा मुक्त संचार करणारा असतो. पुढे तो आयुष्यात एकदाच थांबावयाचे ठरवितो आणि जेथे थांबतो तेथून मरेपर्यंत हलत नाही. त्याचे अन्न, त्याचे शेजारी, त्याची संतती, त्याचा मृत्यू, सर्व काही त्या एका निवडीने ठरून जाते. ती निवड तो कशी करतो आणि आपण माणसांनी ती समजून घेणे का अगत्याचे आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

परिचयाचे, पण अनोळखी

आपल्यापैकी जे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड किंवा गोव्याकडचे असतील त्यांनी हा प्राणी पाहिलेला आहे. कदाचित त्याने त्यांचे पायही कापलेले आहेत. ओहोटीच्या वेळी खडपांवर अनवाणी चालताना तळव्यांना जी पांढुरकी, खरबरीत, धारदार पुटकुळ्यांची पूड टोचते, ती बहुतांशी बार्नेकलांची असते. धक्क्याचे खांब, होडीचा तळ, तिवरांची खोडे, बंदराच्या भिंती, जेथे जेथे खारे पाणी चढते-उतरते तेथे तेथे ती दाटीने बसलेली आढळतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या कडेला रचलेल्या काँक्रीटच्या चौपायांकडे जरा वाकून पाहिले तरी ती दिसतील.

यांचे दोन मुख्य प्रकार. एक देठवाली, तरंगत्या ओंडक्यांना लोंबणारी. दुसरी बिनदेठाची, थेट खडकावर बसकण मारणारी. ओक वृक्षाच्या फळाशी आकार थोडाफार जुळतो म्हणून इंग्रजीत या दुसऱ्या प्रकाराला त्या फळाचे नाव मिळाले. आपल्याला ओकचे फळ परिचयाचे नाही; तेव्हा लहानशा ज्वालामुखीचा डोंगर डोळ्यांपुढे आणावा, हे बरे. चुनखडीच्या पट्टिका एकमेकींना जोडून झालेली उतरती भिंत, माथ्यावर तोंड आणि त्या तोंडावर दोन जोड्यांच्या झडपांचे दार. भिंतीच्या पट्टिका काही प्रजातींत सहा, तर काहींत चार असतात. पाणी चढले की दार उघडते आणि आतून पिसांसारख्या केसाळ पायांचा पंखा बाहेर येतो, पाण्यात फिरतो, मिटतो, पुन्हा फिरतो. पाण्यातील सूक्ष्म प्लवक तेवढे गाळून घेणे, हा त्या पंख्याचा उद्योग. एखादी सावली जरी वरून सरकली तरी पंखा आत जातो आणि दार लागते.

शिंपला की कोळंबी?

बाहेरून पाहता हा शिंपल्याच्या गोतातला प्राणी वाटतो. लिनीअससारख्या वर्गीकरणाच्या महर्षीने त्याला कवचवाल्या प्राण्यांत बसविले आणि क्यूव्हियेने त्याची गणना मृदुकाय प्राण्यांत केली. मध्ययुगीन युरोपात तर देठवाल्या बार्नेकलांतून हंस जन्मतात, अशी समजूत होती. खरा उलगडा १८३० च्या सुमारास झाला. आयर्लंडमधील कॉर्क येथे राहणारे जॉन व्हॉन टॉम्पसन हे पेशाने लष्करी शल्यवैद्य. त्यांनी समुद्रातून गाळून काढलेल्या सूक्ष्म पोहणाऱ्या डिंभांचे रूपांतर होताना पाहिले, आणि त्यांच्यापासून बार्नेकले होतात असे त्यांच्या ध्यानी आले. हे डिंभ कवचधर वर्गातल्यांचे होते. म्हणजे बार्नेकलाचे खरे भाऊबंद शिंपले आणि कालवे नव्हेत. कोळंबी, खेकडा आणि शेवंड हे होत.

पुढचे नाव चार्ल्स डार्विन यांचे. चिलीच्या किनाऱ्यावर १८३५ साली त्यांना एका शंखाच्या कवचात बीळ करून राहणारे विलक्षण बार्नेकल सापडले होते. त्याचे कोडे सोडविण्यासाठी १८४६ मध्ये त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काम आरंभिले आणि ते आटोपण्यास १८५४ उजाडले. आठ वर्षे! जिवंत आणि अश्मीभूत अशा जगातील सर्व ज्ञात प्रजातींवर त्यांनी जे प्रबंध लिहिले, त्यांवर आजही या विषयाची उभारणी आहे. १८५३ साली रॉयल सोसायटीने त्यांना पदक दिले ते प्रामुख्याने याच कामासाठी. त्यांच्या घरातील एका मुलाने शेजारच्या घराविषयी विचारले म्हणे, की त्यांचे वडील आपली बार्नेकले कोठे बसून करतात? वडील म्हटले की बार्नेकले करणारच, अशी त्या बालकाची समजूत होती. ‘प्रजातींचा उगम’ हा ग्रंथ १८५९ साली आला, तो या आठ वर्षांच्या तपश्चर्येनंतर. एकाच प्रजातीत किती भेद असू शकतात हे त्यांनी या काळात शेकडो वेळा आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

आपल्याला आनंद वाटावा अशी गोष्ट ही, की मुंबईच्या बंदरात सर्वांत विपुल आढळणाऱ्या प्रजातींपैकी एकीचे नामकरण डार्विन यांनीच १८५४ साली केले. ग्रीक सागरदेवीच्या नावावरून त्यांनी तिला अँफिट्राइटी म्हटले. आज तिचे पूर्ण नाव अँफिबॅलॅनस अँफिट्राइटी असे आहे.

थांबण्याचा निर्णय

आता मूळ विषयाकडे येऊ. बार्नेकलाची अंडी मातेच्या कवचातच उबतात. तेथून बाहेर पडणारा पहिला डिंभ नॉप्लियस या नावाने ओळखला जातो. त्याला एक डोळा, तीन जोड्या उपांगे आणि डोक्यावर दोन शिंगे असतात. तो प्लवकांवर पोसत, कात टाकीत, सहा अवस्थांतून जातो. उबदार पाण्यात हा प्रवास आठवड्याभरात उरकतो. या काळात प्रवाह नेईल तिकडे तो जातो. हजारोंनी बाहेर पडतात आणि त्यांतील बहुतेक माशांच्या तोंडी जातात.

त्यानंतर येते ती सायप्रिस डिंभाची अवस्था, आणि निसर्गातील एक नवल इथे घडते. हा डिंभ सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचा असतो आणि दोन झडपांच्या पारदर्शक कवचात मिटलेला असतो. तो काहीही खात नाही. मागील अवस्थेत साठविलेल्या चरबीवर त्याला दिवस काढावयाचे असतात आणि तेवढ्या शिदोरीवर एकच काम उरकावयाचे असते: जागा शोधणे. खडक हाताला लागला की तो डोक्यावरच्या दोन शृंगिकांवर चालू लागतो. एक पाऊल टाकतो, थांबतो, वळतो, चार पावले मागे येतो, पटले नाही तर सोडून पोहत निघून जातो आणि दुसरीकडे पुन्हा चाचपणी करतो. पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, त्यावर जिवाणूंचा थर कसला आहे, प्रकाश किती, पाण्याचा ओघ किती, या साऱ्यांची तो पारख करतो. चालताना त्याच्या पायांतून प्रथिनांचा किंचित अंश खडकावर राहतो. या पाऊलखुणा मागून येणाऱ्या डिंभांना वाचता येतात.

पण सर्वांत मोठी खूण निराळी आहे. १९५३ साली नाइट-जोन्स यांनी प्रयोगांनी दाखविले, की हे डिंभ आपल्या जातीची वस्ती जेथे आधीपासून आहे, तेथेच बसणे पसंत करतात. पुढे वेल्सच्या किनाऱ्यावर डेनिस क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ बार्नेकलांच्या कवचातील विशिष्ट प्रथिनांचा हा संदेश असल्याचे उलगडून दाखविले. म्हणजे डिंभ जणू विचारतो, ‘येथे आपली माणसे आहेत काय?’ होकार मिळाला की तो शृंगिकांतून डिंक सोडून डोके खडकाला चिकटवितो, आणि मागे फिरण्याचे सर्व मार्ग बंद होतात. त्यानंतर त्याचे रूपांतर होते, भिंती उभ्या राहतात, आणि पुढील सारे आयुष्य हा प्राणी डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत, पायांनी तोंडात अन्न ढकलीत काढतो.

शेजाराचा हा हट्ट लहर म्हणून नसतो. वंशाचा प्रश्न असतो. बहुतेक बार्नेकले उभयलिंगी असली, तरी संतती व्हावयाची तर दुसऱ्याची गरज लागतेच. चालत जाऊन जोडीदार शोधणे शक्य नाही. म्हणून त्यांचे मीलनेंद्रिय शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब होऊ शकते. तरीही ते पोचेल तेवढ्या अंतरात शेजारी असावा लागतो. एकटे बसलेले बार्नेकल सुरक्षित, पोटभर आणि दीर्घायुषी असले तरी बव्हंशी निर्वंश जाते. खडपावर आपणांस जी दाटी दिसते, तिचे कारण हे आहे.

खडपावरचे मजले

ओहोटीच्या वेळी कोकणातील एखाद्या खडपाकडे पाहावे, तर रंगांचे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. या पट्ट्यांचा विस्तार भरती-ओहोटीवर अवलंबून असतो. गोव्याला भरती-ओहोटीतील अंतर दोन मीटरांच्या आसपास, तर मुंबईला उधाणाच्या दिवसांत ते पाच मीटरांच्या जवळ जाते. भांगाच्या दिवसांत वरच्या भागाला पाण्याचा स्पर्श क्वचितच होतो. अशा ठिकाणी, खडक हाताला चटका देईल असा तापलेला असतानाही, थॅमॅलस या वंशाची बारीक, करडी बार्नेकले दार घट्ट लावून, आत साठविलेल्या थेंबभर पाण्यावर तग धरून असतात. मध्यभागी आणि खाली टेट्राक्लिटाची जाडजूड, चार पट्टिकांची कवचे. बंदरातील खांबांवर आणि खाड्यांत अँफिट्राइटी. आणि अगदी खालच्या पाण्यात, बोयांवर व जहाजांवर, जांभळट रेषांचे मोठे मेगाबॅलॅनस.

हे मजले कसे पडतात, याचे उत्तर स्कॉटलंडच्या कम्ब्रे बेटावर जोसेफ कॉनेल यांनी केलेल्या प्रयोगांतून मिळाले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. वर थॅमॅलस आणि खाली बॅलॅनस अशी तेथील मांडणी. थॅमॅलसचे डिंभ खालच्या मजल्यावरही बसत. पण भराभर वाढणारे बॅलॅनस त्यांना दाबून, उचकटून, झाकून टाकीत. कॉनेल यांनी शेजारची बॅलॅनस खरवडून काढली, तर तेच थॅमॅलस खालीही सुखाने जगले. याचा निष्कर्ष असा की वरची हद्द सहसा ऊन आणि कोरडेपणा ठरवितात, आणि खालची हद्द शेजारी ठरवितात. जी जागा कठोर आहे तीच दुर्बळाला निवांत सापडते. पारिस्थितिकीच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग आजही शिकविला जातो.

खडकाखेरीजही यांची बिऱ्हाडे असतात. केलोनिबिया नावाचे चपटे बार्नेकल समुद्री कासवांच्या पाठीवर बसते. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांवरही त्याची नोंद होते. कोरोन्युला तर कुबड्या देवमाशाच्या कातडीत रुतून महासागरांची यात्रा करते. थांबण्याचा निर्णय केला, पण चालत्या घरावर; अशी ही युक्ती.

या अभ्यासात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावरील बिनदेठाच्या बार्नेकलांच्या वर्गीकरणावर ए. बी. वाघ आणि डी. व्ही. बाळ यांचा लेख १९७४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. मुंबईच्या नौदल रसायन व धातुशास्त्र प्रयोगशाळेत, म्हणजे आज अंबरनाथला असलेल्या नौदल द्रव्य संशोधन प्रयोगशाळेच्या पूर्वावतारात, कारंडे आणि पालेकर यांनी १९६३ मध्येच मुंबईच्या थॅमॅलसचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १९७१ साली रॉस यांनी एका नव्या प्रजातीला टेट्राक्लिटेला करंडेई हे नाव दिले. डार्विन यांच्या विषयाच्या नामावळीत अशा रीतीने एक मराठी आडनाव कायमचे कोरले गेले.

पावसाची उघडीप

आता आपल्या किनाऱ्याचे एक वैशिष्ट्य पाहू. पाश्चात्त्य देशांत बार्नेकलांचा शत्रू हिवाळा. आपल्याकडे मोठी कसोटी पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर या काळात नद्यांचे पूर खाड्यांत उतरतात आणि खारे पाणी जवळजवळ गोडे होते. अँफिट्राइटी मोठी सहनशील. प्रौढ प्राणी दार लावून वाईट दिवस काढतो. पण डिंभांना लावण्यास दार नसते.

गोव्याला दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ ची. तेथील देसाई आणि अनिल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रजातीची नवी वस्ती कधी होते व कधी फसते, याचा मागोवा घेतला आहे. पावसाने मध्येच उघडीप दिली, की ऊन पडते, वनस्पतिप्लवकांची चलती होते, आणि अन्नाची ही चाहूल लागताच डिंभ बाहेर सोडले जातात. पण उघडीप थोड्या दिवसांची ठरली आणि पुन्हा पाऊस कोसळला, तर ती पिढी वाया जाते. दुबार पेरणीचे संकट ज्या शेतकऱ्याने सोसले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाचे वेळापत्रक जसजसे बेभरवशाचे होत जाईल, तसतसा खडपावरील या नोंदवहीचा उपयोग वाढेल. कारण बार्नेकल हलत नाही. जे काही घडते ते त्याच्या अंगावर लिहिले जाते.

जहाजाच्या तळाशी

येथपर्यंत आपण बार्नेकलाच्या बाजूने बोललो. आता जहाजवाल्यांची बाजू ऐकू. डिंभाला खडक आणि जहाज यांतील भेद कळत नाही. जहाज बंदरात उभे असताना तळावर वस्ती झाली, की गुळगुळीत तळ खवणीसारखा होतो आणि पाण्याचा अडसर वाढतो. २००७ साली अमेरिकेत एका युद्धनौकेविषयी झालेल्या गणितानुसार, कवचांचा थर दाट साचला तर तोच वेग राखण्यासाठी ८६ टक्क्यांपर्यंत अधिक शक्ती खर्च करावी लागते. समुद्राचे पाणी थंड करण्यासाठी वापरणाऱ्या वीजकेंद्रांच्या नळांतही हीच अडचण येते.

उपाय जुने आहेत. हिंदी महासागरात गलबताच्या तळाला चुना आणि तेल यांचे मिश्रण फासण्याची चाल होती. दर हंगामाला गलबत ओढून घेऊन तळ खरवडणे हे नित्याचे काम. १७६१ साली इंग्रजी आरमाराने ‘अलार्म’ या नौकेला तांब्याचा पत्रा मढविला. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेली, १८१७ सालची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. तीही त्याच ताम्रयुगातील.

एवढेच नव्हे, तर जहाजांनी बार्नेकलांना जगभर पोचविले. कोपर्निकस आयुष्याचा मोठा काळ बाल्टिक समुद्राजवळच्या फ्रॉमबोर्क येथे राहिला. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि आज तेथे दिसणारे इंप्रोव्हायझस नावाचे बार्नेकल त्याच्या हयातीत तेथे नव्हते. ते एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत जहाजांबरोबर आले. तळावरून आणि तोल साधण्यासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून अशी किती प्रजातींची ने-आण झाली, याची गणती करणे कठीण. त्या पाण्याच्या नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसाने अधिक जालीम उपाय काढला. कथिलाचे एक सेंद्रिय संयुग, ट्रायब्युटिल टिन, रंगात मिसळून तळाला लावले की त्यावर काहीही बसेना. जहाजमालक संतुष्ट झाले. पण तळावरून झिरपणारे विष समुद्रातच राहिले. फ्रान्समधील आर्काशों येथील कालवांची शेती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस कोसळू लागली. कवचे वेडीवाकडी, पिल्ले नाहीशी. १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांसाठी हा रंग बंद केला. दरम्यान शंखवर्गीय प्राण्यांच्या माद्यांत नराची इंद्रिये उगवू लागल्याचे इंग्लंडात दिसून आले होते.

हे सारे परदेशातील, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. १९९९ साली विश्वकिरण आणि अनिल यांनी भारतीय पाण्यातील एका शंखात हीच विकृती नोंदविली. त्या शंखाचे नाव क्रोनिया कोंकणेन्सिस, म्हणजे अक्षरशः ‘कोकणचा’. ज्या खडपांवर आपल्या आयाबहिणी ओहोटीला कालवे फोडण्यास जातात, त्याच पाण्याची ही कथा. बार्नेकलाला मारण्यासाठी टाकलेले विष बार्नेकलापाशी थांबत नाही, हे त्या शंखाने आपल्याला सांगितले. पुढे या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ मध्ये तो अमलात आला.

विषापेक्षा ज्ञान बरे

मग काय करावे? जहाजे थांबविता येणार नाहीत आणि त्यांचे तळ स्वच्छ ठेवण्यात इंधनाची, पर्यायाने हवेचीही बचत आहे. उत्तर त्या अर्धा मिलिमीटर डिंभाच्या चाचपणीतच आहे, असे मला वाटते. त्याला ठार न करता, ‘ही जागा तुझी नव्हे’ एवढेच पटवून देता आले तर? स्वीडनमधील संशोधकांनी इंप्रोव्हायझसच्या डिंभांवर प्रयोग करून दाखविले, की पशुवैद्यकात गुंगीसाठी वापरले जाणारे मेडेटोमिडिन हे औषध अत्यल्प प्रमाणात पृष्ठभागावर असले, तर डिंभ पाय झाडू लागतो आणि बसण्याऐवजी पोहून निघून जातो. जनावराला झोपविणारे औषध या डिंभाला मात्र जागे करते! हा उपाय आता प्रत्यक्ष रंगांतही आला आहे. तेही अखेर रसायनच आहे आणि त्याच्यावर नजर ठेवावीच लागेल. कोठे केवळ निसरडे, न चिकटणारे लेप वापरले जातात. दिशा योग्य आहे: शत्रूचा नाश करण्यापूर्वी त्याचा स्वभाव ओळखावा.

स्वभाव ओळखण्याचे दुसरेही फळ मिळते. ज्या डिंकाने बार्नेकल ओल्या, खारट, लाटांनी झोडपलेल्या खडकाला चिकटते, तसा डिंक माणसाला आजवर करता आलेला नव्हता. २००९ सालच्या एका अभ्यासाने असे सुचविले, की आपल्या अँफिट्राइटीचा डिंक घट्ट होण्याची क्रिया रक्त गोठण्याच्या क्रियेशी मिळतीजुळती आहे. २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेतील संशोधकांनी त्यापासून स्फूर्ती घेऊन, रक्ताने भिजलेल्या जखमेवरही चिकटून रक्तस्राव थांबवील असा लेप तयार केला आणि प्राण्यांवर त्याची चाचणी घेतली. दीडशे-दोनशे वर्षे ज्याला आपण खरवडून फेकीत आलो, त्याच्यापाशी शस्त्रवैद्याच्या उपयोगाची विद्या निघाली.

म्हणून तरुण श्रोत्यांना माझी विनंती अशी. सुटीत गावी जाल, तेव्हा किनाऱ्यावर केवळ वाळूत फिरून परतू नका. ओहोटीची वेळ विचारून घ्या, जाड तळाच्या चपला घाला आणि एखाद्या खडपावर अर्धा तास बसा. कोणता पट्टा कोठे संपतो, ते वहीत लिहा, छायाचित्र काढा. पुढल्या वर्षी त्याच खडपावर जाऊन पुन्हा पाहा. किनाऱ्यावर भराव पडत आहेत, बंधारे उभे राहत आहेत, ऊन व पाऊस बदलत आहेत. अशा वेळी एकाच खडपाची दहा वर्षांची साधी, खरी नोंद ही मोठ्या मोलाची ठरेल. तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, सातत्य लागते.

शेवटी थोडे मंडळाविषयी. नोकरीसाठी, व्यापारासाठी, सोन्याचांदीच्या गलाईच्या कामासाठी, शिक्षणासाठी आपली माणसे या शहरात आली. नव्या शहरात उतरलेल्याने पहिल्या आठवड्यात काय विचारले असेल, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल: येथे आपले कोणी आहे काय? पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या मंडळाच्या रूपाने त्या प्रश्नाला होकार दिला, त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र उपमा फार ताणू नये. बार्नेकल डोके चिकटवून बसते. आपल्याला डोके मोकळे ठेवण्याची सवलत आहे. ते दार लावून घेते. आपले दार नव्याने येणाऱ्यासाठी, मग तो कोणत्याही भाषेचा असो, उघडे राहावे. आपल्या माणसांच्या शेजारी बसण्याची त्याची रीत आणि दार उघडे ठेवण्याची माणसाची रीत, या दोहोंचा मेळ मंडळाने पुढील पन्नास वर्षे घालावा, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.